पाव बीएसपी की पाच नंबर जेआयसी? होज बदलण्याआधी नटात डोकावून पाहा

नट हातानं पाच आटे आत गेला, म्हणून आम्ही म्हटलं बसला. आमचा मिनी ट्रॅक्टर काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत चालतो. ओळींमध्ये सहा मीटर जागा, वर फांद्या खाली वाकलेल्या, तिथं मोठा ट्रॅक्टर घालायची सोय नाही. मे महिन्याच्या उन्हात त्याच्या पॉवर स्टिअरिंगची प्रेशर होज, म्हणजे दाबाचं तेल नेणारी रबरी नळी, एका ठिकाणी फुगली. जुनी होज पिशवीत घालून हिंगणा एमआयडीसीकडे गेलो आणि एका दुकानातून नवी क्रिम्प करून, म्हणजे टोकांना नटाची फिटिंग मशीननं दाबून बसवून आणली. जुन्या होजचा नट गंजून चिरलेला होता, म्हणून दुकानातल्या पोरानं ट्रॅक्टरवरून काढून नेलेल्या निपलवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेदार तुकड्यावर, नवा नट फिरवून पाहिला. "झालं ना भाऊ, हातानंच गेला पाहा!"

घरी पान्यानं कसला, इंजिन चालू केलं, स्टिअरिंग फिरवलं, तर नटाखालून तेल. अजून कसला, अजून तेल. तिसऱ्या खेपेला आटेच सोलले.

निपल जेआयसीचा होता आणि नट बीएसपीचा. फिटिंगच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती, एकीचा तुकडा दुसरीला चालत नाही. दोन्ही पिवळसर झिंक चढवलेले, दोन्हींना सहा पैलू, दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी पडलेले. होज बदलताना सगळ्यात जास्त गफलत याच जोडीत होते असं माझं मत आहे, आणि ती का होते हे आकड्यांवरून लगेच कळतं.

पाव इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास 13.16 मिमी, इंचाला 19 आटे. पाच नंबर जेआयसीचा 12.7 मिमी, इंचाला 20 आटे. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे बीएसपीचा नट जेआयसीच्या निपलवर सैलसर का होईना, आरामात चढतो. मोजपट्टी लावून आटे मोजायला जाल तर तिथंही फसाल, कारण निपलवर आटे असतात कसेबसे अर्धा इंच. तेवढ्यात 19 आणि 20 चा फरक अर्ध्या आट्याचा पडतो, तो डोळ्याला दिसत नाही. त्याला व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारं मापच पाहिजे. नसेल तर ओळखीच्या निपलचे आटे याच्या आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. शेवटच्या दोन आट्यांमधून उजेड दिसला तर जोडी चुकली.

नावांचाही घोळ आहे. "पाव इंची" बीएसपीत पाव इंच काहीच भरत नाही. ते माप जुन्या काळच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं. घरच्या अर्ध्या इंची नळाचा आटा मोजून पाहा, जवळजवळ 21 मिमी भरेल. तोही बीएसपीच. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं 55 अंशाचा आटा ठरवला, त्याच घराण्यातला हा. जेआयसी अमेरिकेकडचा, आट्याचा कोन 60 अंश. त्याचा नंबर म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत. पाच नंबर म्हणजे 5/16.

पण खरी गोष्ट आट्यांची नाहीच. दोन्ही प्रकारांत तेल अडवतो तो शंकू. आटे फक्त दाबून धरतात. जेआयसीच्या निपलचं टोक बाहेर आलेलं, निमुळतं, मधल्या रेषेपासून 37 अंशांवर. त्याचा नट आतून वाटीसारखा. बीएसपीत नेमकं उलटं: निपल तोंडाशी आतून खोलगट, 30 अंशांवर, आणि नटाच्या आत नाक पुढे आलेलं. आमच्याकडे झालं काय, तर निपलचं नाक नटातल्या नाकाला भिडलं. तिथं कितीही कसा, सील होणार कसं? नटात नुसतं डोकावलं असतं तरी कळलं असतं, व्हर्नियरचीही गरज नव्हती. नाक दिसलं तर बीएसपी, वाटी दिसली तर जेआयसी.

एक अपवाद लक्षात असू द्या. जपानी धाटणीच्या काही फिटिंगमध्ये आटे बीएसपीचे असतात, पण निपलचा शंकू मात्र बाहेर आलेला असतो. बागेतले बरेच मिनी ट्रॅक्टर मूळ जपानी डिझाइनचे, त्यामुळे बाहेर आलेलं नाक पाहून लगेच जेआयसी म्हणू नका, व्यासही मोजा.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे टेफ्लॉन टेप. शंकूवर सील होणाऱ्या जोडाला टेपचा काही उपयोग नाही. उलट तिचे तुकडे सुटून स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारांत जातं.

होजचं मात्र दुकानात बहुधा चुकत नाही, फक्त रबराच्या आत तारेची "एक जाळी की दोन जाळी" एवढं सांगा. 5/16 च्या होजला एका जाळीत 215 बार दाब चालतो, दोन जाळीत 350. होजवर 1एसएन किंवा 2एसएन छापलेलं असतं.

आता आम्ही होजबरोबर दोन्हीकडचे निपलही खोलून नेतो, आणि तिथंच आपल्या हातानं नटात डोकावतो. बसवताना आधी हातानं पूर्ण, मग दोन पाने: एकानं निपल धरायचा, दुसऱ्यानं नट एक ते दोन पैलू फिरवायचा. होजवर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. रेघ वेटोळी दिसली तर होज पिळली गेली, सोडून परत बसवा.

मग इंजिन मंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून येणारं तेल कातडीखाली घुसतं, वरून नुसता सुईचा टोचा दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा, आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.