विद्युत् विच्छेदनाने केशनिर्मूलन : सदोष तंत्राची लक्षणे

केशपुटकात, म्हणजे केस ज्या त्वचेतील पिशवीतून उगवतो तीत, बारीक सुई सरकवून विद्युत् प्रवाहाने केसाचे मूळ नष्ट करण्याच्या पद्धतीत हात चुकला, तर त्याच्या खुणा त्वचेवर आणि निघालेल्या केसावर उमटतात. प्रस्तुत नोंद त्या खुणांपुरती आहे. पार्लरमध्ये आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे ही पद्धत इलेक्ट्रोलिसिस याच नावाने चालते.

इतिहास : पद्धतीचे श्रेय अमेरिकेतील सेंट लुइसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांना देतात, त्याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो सालाविषयी. डोळ्यात वळणाऱ्या पापणीच्या केसांवर मिशेल हा उपाय १८६९ पासून करीत असावेत, असे काही लेखक मानतात आणि व्यवसायाच्या माहितीपुस्तिकांत तेच साल आढळते. त्यांचा छापील वृत्तांत मात्र १८७५ चा आहे; म्हणून ते साल धरणे अधिक सुरक्षित. चेहऱ्यावरील केसांसाठी तिचा वापर त्याच शहरातील त्वचारोगतज्ज्ञ हार्डवे यांनी पुढील काही वर्षांत केला. १९१६ च्या सुमारास पॉल क्री यांनी एकाच वेळी अनेक सुया लावण्याची सोय केली. १९२४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ येथे आंरी बोर्दिए यांनी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मूळ तापवून मारण्याची पद्धत मांडली. दोन्हींचा मेळ घालणारी ‘ब्लेंड’ पद्धत हिंकेल आणि सेंट पिअर यांची. तिचे पेटंट १९४८ चे.

मिशेल यांनी सुई ऋणाग्राला, म्हणजे विद्युत् घटाच्या ऋण टोकाला, जोडली होती, ही बाब सालापेक्षा महत्त्वाची आहे. एकदिश (डीसी) प्रवाहात ऋणाग्राशी केशपुटकातील पाणी व मीठ यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे दाहक सोडा, तयार होतो आणि मूळ तोच जाळतो. जोडणी उलटी झाली, तर पोलादी सुईतील लोह विरघळून त्याचे क्षार त्वचेत उतरतात आणि गोंदल्यासारखा काळसर ठिपका राहतो. अशा ठिपक्याला त्वचेचा दोष म्हणता येत नाही.

सुई व प्रवाह : सुई केसाच्या कलाने, केशपुटकाच्या तोंडातून आत गेली, तर टोचल्याची जाणीव जवळजवळ होत नाही, जी कळ येते ती प्रवाहाची. प्रवाहाआधीच टोचल्यासारखे दुखणे किंवा रक्ताचा थेंब दिसणे म्हणजे सुई पुटकाची भिंत वा तळ भेदून गेली. उलट, सुई उथळ राहिली तर उष्णता त्वचेच्या पृष्ठभागाजवळ साचते : केसाभोवती पांढरे कडे उमटते, पुढे जाड खपली धरते आणि ती पडल्यावर खळगा राहू शकतो. दोन्हींत उथळ सुईचा दोष अधिक घातक मानावा, कारण तो मूळ जिवंत ठेवून कातडी जाळतो. सुई किती खोल जावी, याविषयीही मत बदलले आहे. पूर्वी तळाचा केशांकुर (केसाला पोषण पुरवणारा उंचवटा) नष्ट झाला की पुरे, असे मानत. १९९० मध्ये कॉटसारेलिस, सुन व लॅव्हकर यांनी उंदरांच्या केशपुटकातील मूलपेशी (नवा केस घडवणाऱ्या पेशी) तळाशी नसून पुटकाच्या वरच्या भागातील फुगवट्याजवळ असल्याचे दाखवले. तेव्हापासून तळ आणि फुगवटा दोन्ही साधावेत, हे मत बळावले आहे.

प्रवाहाची मात्रा मोजता येते. एक दशांश मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद दिला की दाहक सोड्याचे एक एकक धरतात. अर्धा मिलिअँपिअर दहा सेकंद दिल्यास पन्नास एकके. ओठावरील लव आणि हनुवटीवरील राठ केस यांना एकच मात्रा देणारा हात एका ठिकाणी कमी पडतो, दुसऱ्या ठिकाणी भाजतो.

निघालेला केस : सर्वांत भरवशाची खूण चिमट्यात मिळते. मूळ नीट मेले असेल तर केस चिमट्याने धरताच विनासायास सरकून बाहेर येतो. ओढ जाणवली, कट् असे उपटल्यासारखे झाले, तर तो केस उपटला गेला आहे आणि पुन्हा येणार. मुळाशी पांढरे चकचकीत आवरण दिसणे हा यशाचा पुरावा म्हणून दाखवतात, पण वाढीच्या अवस्थेतील केस नुसता उपटला तरी ते आवरण येते. पुढच्या काही आठवड्यांत केस दिसणे मात्र सदोष तंत्राचे लक्षण नव्हे : काही पुटके त्या वेळी निद्रिस्त असतात, म्हणूनच उपचार वर्ष-दीड वर्ष चालतो. अंडाशयाचा पीसीओएस हा विकार असल्यास नवे केसही राठ होत राहतात.

नंतरची त्वचा : काही तासांचा लालसरपणा, किंचित सूज आणि टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या अपेक्षित आहेत. पू, दोन-तीन दिवसांनी वाढणारी सूज, एकमेकींना जोडलेल्या खपल्या आणि खळगे अपेक्षित नाहीत. सावळ्या त्वचेत दाहानंतर काळे डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक. ते बहुधा काही महिन्यांत फिकटतात, खळगे आपसूक भरत नाहीत. ‘तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे’ हे उत्तर अशा वेळी सर्रास मिळते. एकाच ओळीत सारखे खळगे असतील तर ते पटण्याजोगे नाही. हात किंवा मात्रा तपासली पाहिजे.

ठाणे व नवी मुंबई : नौपाडा, घोडबंदर रस्ता, वाशी, नेरुळ अशा भागांत त्वचा-चिकित्सालये व पार्लर यांची दाटी आहे. लेझरला केसातील रंगद्रव्य लागते; त्यामुळे पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिसच उरते. खाडीकाठच्या दमट हवेत चेहरा घामेजलेला राहतो. सुई लावण्यापूर्वी तो कोरडा केला जातो की नाही, हे पाहावे. सुई प्रत्येक व्यक्तीसाठी नवी, निर्जंतुक, समोर पाकीट फोडून घेतलेली असावी; २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या असतात. पू किंवा खळगे दिसल्यास पुढची बैठक थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कळव्याच्या राजीव गांधी आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. बैठकीची तारीख, यंत्राचा प्रकार आणि त्या दिवशी काढलेली छायाचित्रे सोबत असल्यास भाजणे उथळ सुईचे की अतिरिक्त मात्रेचे, हे ठरवणे सोपे जाते.