पिठ्या ढेकूण की त्यालाच खाणारी अळी?

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. पण त्या कापसात दोन वेगळे जीव असू शकतात. एक झाडाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. दुसरी त्यालाच खाणारी क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. 1890 च्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबूबागांत मुद्दाम नेऊन सोडला गेला, भारतात 1898 मध्ये आला.

दोघांच्याही अंगावर पांढरं मेण असतं. मिलीबग गोड, चिकट द्रव सोडतो आणि त्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात. मेण पांघरलेली अळी या पहारेकऱ्यांच्या नाकाखालून बरेचदा निसटते. मुंग्या फसतात, तिथे आपली काय कथा!

ओळखायचं कसं? मोठा मिलीबग साधारण 3-4 मिलिमीटरचा, तर पूर्ण वाढलेली अळी 13 मिलिमीटरपर्यंत. घोळक्यात एखादाच ‘मिलीबग’ अवाढव्य दिसला, तर तो बहुधा मिलीबग नव्हेच. अळीच्या मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, मिलीबगच्या कडेची झालर आखूड आणि नीटस. अळी लहान असेल तर हे फरक दिसत नाहीत. मग काडीने हलकेच डिवचावं: अळी लगबगीने चालू लागते, मिलीबग जागचा फारसा हलत नाही.

कापसासारख्या पिशव्या मात्र डोकं खातात. त्यात मिलीबगची शेकडो अंडी असतात, आणि ढालकिडाही आपली अंडी तिथेच घालतो. आसपास नारिंगी डोक्याचे, काळपट पाठीचे बारके भुंगे, म्हणजे मोठे झालेले ढालकिडे, दिसले तर त्या पिशव्या खरवडू नका.

अळ्या नसतील तर साबणाचं पाणी खुशाल फवारा. असतील तर नको. साबण अंगावर पडला की मऊ अंगाची अळीही मरते. त्याऐवजी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक मिलीबग टिपा. त्याआधी मुंग्यांची वाट बंद करा, नाहीतर मुंग्या ढालकिड्यांना टिकू देत नाहीत. सगळे मिलीबग संपले की ढालकिडेही दुसरीकडे उडून जातात, म्हणून दोन-चार उरले तर मी ते तसेच ठेवतो.