धाकट्याची सोय नसेल, तर थोरली शाळेत येणार कशी?

आईबाप मजुरीला गेलेले आणि शाळेच्या वयाची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ही अडचण रोजच दिसत होती. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला नाव दिलं विकासवाडी. बाळ पाळणाघरात ठेवायचं आणि आपण शेजारच्या वर्गात बसायचं. बालसंगोपन आणि शिक्षण वेगळं काढताच येत नाही, हे इतकं नेमकं आजही क्वचितच कुणी मांडतं.

२ ऑक्टोबर १९७५ पासून देशात एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडी मोफत आहे, घराजवळ आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे पोषक आहार मिळायला हवा, असं अन्नसुरक्षा कायदा सांगतो. पण तीन वर्षांखालच्यांना मिळतो तो घरी न्यायचा शिधा. दिवसभर सांभाळणारं माणूस मिळत नाही. ती उणीव भरण्यासाठी ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलं जातं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी.

इथे कस लागतो तो माणसांच्या संख्येचा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक सेविका, ही सरकारी किमान पातळी. बाळ ‘बा’ म्हणतं, ताई त्याच्याकडे बघून ‘बाबा? बाबा येणार?’ म्हणते आणि थांबते; बाळ पुन्हा काहीतरी म्हणतं. भाषा याच देवाणघेवाणीतून फुटते. एकटी बाई वीस तान्ह्यांकडे बघत असेल, तर तिचा दिवस लंगोट बदलण्यात आणि भरवण्यात संपतो. मुलं सुखरूप राहतात, पण बोलायला कुणी उरत नाही.

मोठी आणि तान्ही एकाच खोलीत असली की आणखी एक धोका. चार वर्षांच्या मुलीला मूठभर चिंचोके आणि दोन वाट्या द्या: ती चिमटीने एकेक उचलते, मोजते, ‘यात जास्त’ म्हणते. गणित आणि लेखनाची तयारी दोन्ही होतं. तोच चिंचोका दीड वर्षाच्याच्या घशात अडकू शकतो. सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जाणारी कुठलीही वस्तू तान्ह्यांच्या हाती लागता कामा नये. म्हणून लहानांची चटई वेगळी हवी आणि बियांचा डबा उंच फळीवर.

तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची पालकांना घाई असते. चिमूट नऊ-दहा महिन्यांत जमते. पेन्सिल तीन बोटांत स्थिर धरणं बहुतेकांना चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान. तोवर मातीचे गोळे, मणी ओवणं, कागद फाडणं हाच खरा अभ्यास.

सगळं जमलं तरी वेळ चुकली की फसतं. भातलावणीच्या दिवसांत बाई सकाळी सातला घर सोडते. पाळणाघर दहाला उघडत असेल, तर बाळ पुन्हा थोरलीच्याच कडेवर जातं.