पावागढ शिंद्यांचा, विश्वामित्री गायकवाडांची

वडोदऱ्यातल्या मराठी घरी नाशिक-पुण्याकडचे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस लक्ष्मी विलास, दुसऱ्या दिवशी पावागढ. राजवाडा गायकवाडांचा म्हणजे गडही त्यांचाच, असं पाहुणे धरून चालतात आणि आपणही दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. पण हा गड शंभरेक वर्षं ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता.

गडाचा जुना इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो. खीची चौहानांचं राज्य, त्यांचा शेवटचा राजा पताई रावळ याची दंतकथा, वीसेक महिन्यांचा वेढा, आणि 1484 मध्ये महमूद बेगडाने घेतलेला गड. त्याने पायथ्याच्या चांपानेरला राजधानी केलं. पण 1535 मध्ये हुमायून चालून आला, दरबार पुन्हा अहमदाबादला गेला आणि शहरावर रान माजलं. जामी मशीद आणि कमानी उरल्या. 2004 मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला.

आपल्याकडे सांगितला जात नाही तो पुढचा भाग. अठराव्या शतकात गुजरातेत उतरलेले मराठे सरदार काही एका दिलाचे नव्हते. पिलाजी गायकवाड आणि कंठाजी कदम बांडे यांच्यात चौथाईवरून सतत धुसफूस चालायची. 1727 मध्ये पावागढ घेतला तो कंठाजींच्या मानलेल्या मुलाने, कृष्णाजीने. पुढे 1761 च्या सुमारास गड शिंद्यांकडे गेला. म्हणजे 1734 पासून वडोदरा गायकवाडांच्या हाती पक्कं असलं, तरी पन्नासेक किलोमीटरवरचा डोंगर परक्याचाच. परका, पण मराठीच! आणि गंमत म्हणजे शहरातून वाहणारी विश्वामित्री उगम पावते ती याच डोंगरात.

सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी गड जिंकला, पण सुर्जी अंजनगावच्या तहानुसार तो शिंद्यांना परत मिळाला. ग्वाल्हेरहून इतक्या लांबचा मुलूख सांभाळणं अवघडच होतं. 1853 मध्ये कारभार इंग्रजांकडे सोपवला गेला आणि 1861 मध्ये अदलाबदलीत मुलूखही गेला. गोधरा, दाहोद, हालोल, कालोल, झालोद हे शिंद्यांचे पाच महाल, म्हणजे तालुके. ‘पंचमहाल’ हे जिल्ह्याचं नाव तिथून आलं. त्यानंतर वडोदऱ्याहून गडावरच्या कालिकामातेला निघालेला माणूस संस्थान ओलांडून थेट इंग्रजी मुलखात शिरायचा. मेजर मँटने आराखडा केलेला लक्ष्मी विलास 1890 मध्ये उभा राहिला, तेव्हाही हीच स्थिती होती.

पायथ्याच्या आणि जांबुघोड्याकडच्या डोंगराळ गावांतल्या राठवा आणि नायक लोकांना या देवघेवीत कुणी विचारलं नाही. 1868 मध्ये नायकांनी जोरिया भगताच्या मागे उभं राहून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. राठव्यांच्या घरांत आजही नवस फेडताना भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे रंगवतात. पावागढ करून तसेच घरी परतणाऱ्यांनी पुढे तासभर गाडी हाकून ही गावं बघावीत. मला तरी ती रोपवेच्या रांगेपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

मग गायकवाडांचा स्वतःचा डोंगरी गड कोणता? तो सोनगढ, आजच्या तापी जिल्ह्यात, सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. 1719 च्या सुमारास पिलाजींनी ती टेकडी मेवासी भिल्लांकडून घेतली, तिथे किल्ला बांधला आणि तिथूनच गुजरातेत हातपाय पसरले. 1732 मध्ये डाकोरला पिलाजींचा खून झाला, तरी त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी सोनगढ सोडला नाही. पाटणला राजधानी हलवली ती बरीच पुढे. वडोदऱ्याची पाळी आली दमाजीरावांचे पुत्र फत्तेसिंगराव यांच्या काळात. सोनगढच्या आसपास गामित आणि वसावा लोकांची गावं आहेत, जवळच उकाई धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. वडोदऱ्याहून तिकडे पाहुण्यांना घेऊन गेलेलं एकही मराठी घर मला अजून भेटलेलं नाही.