आवाजावर चालणारी कॅबिनेटमधील रोषणाई

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमधले दिवे गाण्याच्या किंवा खेळातल्या आवाजाच्या चढउतारानुसार उजळावेत-मंदावेत, अशी केलेली हौशी जोडणी. बाजूचे झाकण पारदर्शक असेल तरच तिची मजा.

एलईडी पट्ट्या रुळण्याआधी यासाठी कोल्ड कॅथोड नळ्या (ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या) वापरत. त्यांचा इन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवणारे सर्किट, १२ व्होल्टचे कित्येकशे व्होल्ट करतो, त्यामुळे चालू असताना त्याला हात लावू नये. आता एलईडीच सर्वत्र दिसतात.

जोडणीत छोटा इलेक्ट्रेट माइक असतो. त्याचा मिलिव्होल्टमधला क्षीण संकेत अँप्लिफायर वाढवतो. साध्या मॉड्यूलमध्ये तो ठरावीक पातळीच्या वर गेला की दिवे लागतात, खाली आला की विझतात. ती पातळी एका फिरवायच्या बटणाने कमीजास्त करता येते. नुसती ही उघडझाप डोळ्यांना बोचते. चांगल्या जोडणीत ढोलाच्या ठोक्याला दिवा झटकन उजळतो आणि सावकाश मावळतो. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पटकन भरून रेझिस्टरमधून (प्रवाह रोखणाऱ्या भागातून) हळूहळू रिकामा होऊ दिला की हे साधते.

खरी अडचण माइकच्या जागेची. कॅबिनेटच्या आत त्याला गाण्याआधी पंखे ऐकू येतात. घरघर अखंड असल्यामुळे दिवे लागलेलेच राहतात, आणि संवेदनशीलता उतरवली तर गाणेही ऐकू येत नाही. त्यातच यंत्र तापले की पंखे चढतात, म्हणजे थंड संगणकावर लावलेले माप अर्ध्या तासात चुकते. म्हणून माइक लांब वायरीने पुढच्या जाळीबाहेर काढावा, खाली फोमचा तुकडा घालावा, आणि बटण यंत्र तापल्यावरच लावावे. दुसरा मार्ग म्हणजे आवाज थेट सॉफ्टवेअरमधून घेणे. तिथे खर्ज आणि तार वेगळे काढून त्यांना निरनिराळे रंग देता येतात, आणि हेडफोन लावले तरी दिवे ठेका सोडत नाहीत. माझ्या मते हाच मार्ग सरस.

वीज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनांच्या मोलेक्स जोडणीतून घेता येते: पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, दोन काळ्या अर्थिंगच्या. पट्टी कोणत्या व्होल्टची आहे ते आधी पाहावे. मदरबोर्डवरचा चार पिनांचा आरजीबी हेडर (रंगीत दिव्यांची वायर जोडायच्या पिना) १२ व्होल्टचा असतो, तर एकेक दिवा स्वतंत्र चालवणारा तीन पिनांचा हेडर ५ व्होल्टचा. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ दिले तर ती जळते. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. अशा ६० दिव्यांचे ३.६ अँपिअर होतात, आणि बऱ्याच हेडरांची मर्यादा ३ अँपिअर असते. पट्टी लांब असेल तर वीज सरळ एसएमपीएसवरून द्यावी.

जलद लुकलुकीने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. सेकंदाला ३ पेक्षा जास्त झगमगाट होणार नाही एवढा वेग धरावा.