ऑइलचा शॉकअप आणि गॅसचा शॉकअप: तेल दोन्हींतही असते

नाशिकमध्ये सुट्या भागांच्या दुकानात शॉकअप (गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मागितला, की दुकानदार हमखास विचारतो, "ऑइलचा देऊ की गॅसचा?" या प्रश्नातला 'की' फसवा आहे. त्यामुळे एकात तेल आणि दुसऱ्यात गॅस असतो, आणि गॅसवाला हवेच्या उशीसारखा मऊ असतो, असे ग्राहकाला वाटते. पल्सरच्या मागच्या शॉकअपला जोडलेली ती 'नायट्रॉक्स'ची छोटी गॅसची डबी पाहिल्यावर हा समज आणखी घट्ट होतो. प्रत्यक्षात तेल दोन्हींत असते आणि स्प्रिंगची उसळी आवरण्याचे काम दोन्हींत तेलच करते.

मुळात धक्का झेलतो तो स्प्रिंग किंवा पाटा (पोलादी पट्ट्यांचा स्प्रिंग). दबलेला स्प्रिंग उसळी मारतो, पुन्हा दबतो, आणि त्याला कोणी आवरले नाही तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहते. शॉकअपमधला पिस्टन तेलातून वर-खाली सरकतो, तेल झडपांच्या अरुंद वाटांतून ढकलले जाते, आणि स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलून जिरते. हे काम नीट व्हायचे तर तेल एकसंध असावे लागते.

गॅसचा प्रश्न इथूनच सुरू होतो. शॉकअप दबला की त्याचा दांडा नळीत शिरतो आणि दांडा जेवढी जागा व्यापतो तेवढे तेल बाजूला सरकावे लागते. तेल तर जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे आत थोडी मोकळी जागा ठेवणे भागच असते. साध्या ऑइलच्या शॉकअपमध्ये एका नळीबाहेर दुसरी नळी असते आणि या बाहेरच्या नळीत, तेलाच्या वर, साधी हवा असते. रस्ता चांगला असेपर्यंत काही बिघडत नाही. पिस्टन वेगाने वर-खाली होऊ लागला, की ही हवा तेलात घुसळली जाते, शिवाय पिस्टनच्या मागे दाब एकदम उतरल्याने तेलात विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर जे होते, तेच इथे होते. तेलाचा फेस झाला की पिस्टन आधी बुडबुडे दाबतो आणि मग त्याला तेलाचा विरोध मिळतो. उशीर अगदी थोडा असतो, परंतु खडबडीत रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरते, तेव्हा तेवढा उशीरही काम बिघडवायला पुरेसा होतो.

गॅसच्या शॉकअपमध्ये त्या मोकळ्या जागेत हवेऐवजी दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो. बाटलीचे झाकण बंद ठेवावे तसा हा दाब बुडबुड्यांना सुटू देत नाही. नायट्रोजन कोरडा असतो आणि तेलाशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. दोन नळ्यांच्या प्रकारात दाब साधारण एक आकडी बारमध्ये (बार हे दाबाचे एकक) असतो. एकाच नळीच्या प्रकारात, जिथे सरकती चकती तेल आणि गॅस वेगळे ठेवते, तो २० ते ३० बारपर्यंत जातो. तुलनेसाठी, आपण टायरात '३२ पॉइंट' हवा भरतो ती सव्वादोन बारच्या आसपास असते. एकनळी रचना फ्रान्समध्ये द कार्बाँ या अभियंत्याने विकसित केली. तिच्यातली उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते हा मोठा फायदा. मात्र दगड लागून नळीला पोचा पडला, तर पिस्टन तिथेच अडकतो.

आता 'उशी'चा हिशोब मांडून पाहू. दांडा १२ मिलिमीटर जाडीचा धरला, तर २५ बार दाबाचा गॅस त्याला जेमतेम २८-२९ किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. लहान कारच्या एका चाकावर अडीच-तीनशे किलोंचा भार असतो. म्हणजे गाडी गॅसवर तोललेली नसते. म्हणूनच द्राक्षांच्या क्रेटनी मागून बसलेली पिकअप गॅसचे शॉकअप घालून वर उचलली जात नाही. तिथे पाट्याकडेच पाहावे लागते. गॅसवर खरोखर भार तोलला जातो तो आरामबसच्या एअर सस्पेन्शनमध्ये, पण ती निराळीच गोष्ट आहे.

मग गॅसच्या शॉकअपने आराम वाढतो म्हणतात, म्हणजे नेमके काय होते? शोरूमच्या दारातून गाडी बाहेर काढून गल्लीत फिरवली, तर माझ्या मते फरक सांगणे अवघड आहे; उलट सावकाश चालवताना साधा ऑइलचा शॉकअपच किंचित मऊ वाटू शकतो. फरक कळतो तो पेठ रस्त्यावर सावळघाटातून जाताना, पावसाने उखडलेला पट्टा लागला आणि तो संपेचना, तेव्हा. ऑइलचा शॉकअप तापत जातो, फेसाळतो आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गॅसचा मात्र पहिल्या खड्ड्याला जसा वागला, जवळपास तसाच शेवटच्यालाही वागतो. चाक रस्त्याला धरून राहिल्याने वळणावर गाडीचा भरवसाही वाटतो. रोज कॉलेज रोड ते सातपूर एवढीच ये-जा असेल, तर जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

दुकानातच ओळखायचे असेल, तर गॅसचा नवा शॉकअप बहुधा दाबून पट्टीने बांधलेला येतो. पट्टी कापली की दांडा सावकाश आपोआप बाहेर येतो. ऑइलचा दांडा दाबला तिथेच थांबतो. हा ऑइलचा शॉकअप फळीवर आडवा पडून असेल, तर त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढावा लागतो. मेकॅनिकने घाईत हे टाळले, तर पहिल्याच गतिरोधकावर तो टकटक वाजतो आणि गिऱ्हाईक नवा माल खराब निघाला म्हणून परत घेऊन येते.