व्यसनप्रवण व्यक्तिमत्त्व

विशिष्ट स्वभावगुणांच्या व्यक्ती इतरांपेक्षा सहज व्यसनाच्या आहारी जातात, या कल्पनेला उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. तिचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिल्या, कडक अर्थाने सर्व व्यसनाधीन व्यक्तींच्या मुळाशी एकच स्वभावघडण असते आणि ती व्यसनाच्या आधीपासून असते. दुसऱ्या, सौम्य अर्थाने काही गुणविशेष व्यसनाची शक्यता वाढवतात. ते सर्वांत नसतात आणि एकट्याने पुरेसेही नसतात. मानसिक विकारांच्या प्रचलित वर्गीकरणांत या नावाचे निदान नाही. कडक अर्थ आज बहुतेक संशोधक मानत नाहीत. सौम्य अर्थाला मात्र भरीव पुरावा आहे. बोलीभाषेत सर्रास वापरला जातो तो पहिलाच अर्थ, आणि त्यामुळे व्यसनी माणसावर जन्माचा शिक्का बसतो.

‘व्यसन’ हा शब्द संस्कृतमध्ये अधिक व्यापक होता. संकट, दोष आणि वाईट नाद असे तिन्ही अर्थ त्यात येत. कौटिल्याने ‘श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन’ अशी त्याची व्युत्पत्ती दिली असून माणसाच्या व्यसनांचे कोपज आणि कामज असे दोन वर्ग केले आहेत. मनुस्मृतीतही कामापासून उपजणारी दहा व क्रोधापासून उपजणारी आठ व्यसने मोजली आहेत. ही यादी राजासाठी आहे आणि तिचा हेतू नीतीचा आहे, त्यामुळे तिला मानसशास्त्रीय सिद्धांत म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही. तरीही व्यसनाची वाटणी वस्तूवरून न करता त्यामागच्या भावनेवरून केलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे वर्णन केलेले अलीकडचे संशोधन याच विभागणीच्या जवळ येते.

आधुनिक कल्पनेचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो मनोविश्लेषणात शोधतात. कार्ल आब्राहाम यांनी १९०८ मध्ये मद्यपान व लैंगिकता यांच्या संबंधावर लिहिले. शांडोर राडो यांनी १९३३ च्या निबंधात व्यसनाचे मूळ औषधाच्या गुणधर्मात नसून ते घेणाऱ्याच्या तीव्र उदासीनतेत आणि तीतून सुटण्याच्या ओढीत असल्याचे मांडले. रॉबर्ट नाइट यांनी त्याच दशकात मद्यासक्तांचे ‘मूलभूत’ आणि ‘प्रतिक्रियात्मक’ असे दोन प्रकार केले. दुसऱ्या मतानुसार हे सर्व लेखन मोजक्या रुग्णांवर आधारलेले असल्याने ते पूर्वपीठिका ठरते, उगम नव्हे. कल्पनेला चाचणीयोग्य रूप आले ते व्यक्तिमत्त्वसूची, म्हणजे स्वभाव मोजणाऱ्या विधानांच्या प्रश्नावल्या, वापरात आल्यावर. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र राडो यांनी भावनेला दिलेले स्थान नंतरच्या मोजमापवाद्यांनी दीर्घकाळ दुर्लक्षिले, हेही नोंदवले पाहिजे.

अमेरिकन मानसोपचार संघाच्या १९५२ च्या पहिल्या निदानपुस्तिकेत व्यसनाधीनता समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकृतींच्या गटात होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती व्यक्तिमत्त्वविकारांच्याच विभागात राहिली. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत पदार्थसेवनाच्या विकारांना स्वतंत्र वर्ग मिळाला. म्हणजे अधिकृत वर्गीकरणात जवळजवळ तीन दशके व्यसन हा स्वभावाचाच बिघाड मानला जात होता.

मॅकॲन्ड्र्यू मापनश्रेणी : या विषयातील सर्वाधिक वादग्रस्त साधन. क्रेग मॅकॲन्ड्र्यू यांनी १९६५ मध्ये मिनेसोटा बहुपैलू व्यक्तिमत्त्वसूचीतील (एमएमपीआय) विधाने तपासून, उपचारासाठी आलेले मद्यासक्त पुरुष आणि मद्यासक्त नसलेले इतर मानसोपचारातील बाह्यरुग्ण पुरुष यांना वेगळे करणारी ५१ विधाने निवडली. त्यांतील दोन थेट मद्यपानाविषयी होती. ती वगळून ४९ विधानांची श्रेणी तयार झाली. म्हणजे मद्याचा उल्लेखही न करता मद्यासक्त ओळखता येतो, असा दावा होता. २४ या छेदबिंदूवर (ज्या गुणसंख्येपासून माणूस मद्यासक्त धरला जातो ती सीमा) ऐंशी टक्क्यांहून थोडी अधिक माणसे योग्य गटात पडली. १९८९ मध्ये मूळ सूची सुधारली गेली, तेव्हा श्रेणीतील चार विधाने बदलण्यात आली.

ही टक्केवारी समजून घेताना वारंवार चूक होते, म्हणून तिचे गणित येथे मांडणे आवश्यक आहे. मूळ अभ्यासात दोन्ही गट समान आकाराचे होते. प्रत्यक्ष समाजात तसे नसते. समजा, १,००० लोकांत मद्यासक्त ५० आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती ५० पैकी ४० जणांना बरोबर ओळखेल. पण उरलेल्या ९५० पैकी १९० निर्व्यसनी लोकांनाही मद्यासक्त ठरवील. अशा २३० जणांपैकी खरे मद्यासक्त केवळ ४०, म्हणजे सुमारे १७ टक्के. चाचणीचा निकाल नोकरी वा शिक्षा यांसाठी वापरला, तर दर सहा जणांपैकी पाच जणांवर अन्याय होईल. अर्व्हिंग गॉट्समन आणि कॅरल प्रेस्कॉट यांनी १९८९ च्या समीक्षेत मूळ प्रमाणाकडे, म्हणजे समाजात मद्यासक्त किती आहेत याकडे, झालेल्या याच दुर्लक्षावर बोट ठेवले. शिवाय श्रेणी पुरुषांच्या उत्तरांवर उभी असल्याने स्त्रियांना तिचे निकष जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

श्रेणी नेमके काय मोजते, हा प्रश्न वेगळा. तिच्यात अधिक गुण मिळवणारे लोक साधारणतः धाडसी, बहिर्मुख, धोका पत्करणारे व नियम मोडणारे असतात. ज्या मद्यासक्तांना ती ओळखू शकली नाही, ते मॅकॲन्ड्र्यू यांना केवळ चाचणीची चूक वाटले नाहीत. मद्यासक्तांत सुखाकडे झेपावणारे आणि दुःखापासून पळणारे असे दोन भिन्न गट आहेत व श्रेणी फक्त पहिला पकडते, असे त्यांनी पुढे मांडले. मोजमापाच्या अपयशातून निघालेला हा निष्कर्ष मूळ श्रेणीपेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

आधी काय, नंतर काय : उपचारकेंद्रात भेटलेल्या माणसाचा स्वभाव व्यसनापूर्वी तसाच होता का, हे त्या भेटीवरून कळत नाही. याचे उत्तर फक्त दीर्घकालीन अभ्यास देऊ शकतात. मिनेसोटा विद्यापीठातील एका अभ्यासात (१९७३) पुढे मद्यासक्तीसाठी उपचार घेतलेल्या ३८ पुरुषांच्या विद्यार्थिदशेतील, सरासरी १३ वर्षांपूर्वीच्या, उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. विद्यार्थी असताना ते आपल्या सोबत्यांहून अधिक आवेगी व बंडखोर होते, पण मानसिकदृष्ट्या विशेष त्रस्त नव्हते. उपचाराच्या वेळी दिसणारी उदासीनता व चिंता नंतर आलेली होती. जॉर्ज व्हेलंट यांनी अनेक दशके पाठपुरावा केलेल्या पुरुषांच्या आधारे १९८३ मध्ये असाच निष्कर्ष काढला : मद्यासक्तांमधील परावलंबन व खिन्नता बहुधा मद्यपानाचा परिणाम असते, कारण नव्हे. पीटर नेथन यांनी १९८८ मध्ये याहून पुढे जाऊन म्हटले, की ज्याला व्यसनी व्यक्तिमत्त्व म्हणतात ते व्यसनी माणसाचे वर्तनच होय.

नेथन यांचे मत आकर्षक असले, तरी पुराव्याच्या थोडे पुढे जाते. त्याच वर्षी रॉबर्ट क्लोनिंजर व सहकाऱ्यांनी स्वीडनमधील ४३१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या ११ व्या वर्षी नावीन्याची तीव्र ओढ आणि धोक्याची अल्प भीती असलेल्या मुलांत २७ व्या वर्षापर्यंत मद्याचा गैरवापर अधिक आढळला. अकरा वर्षांच्या मुलाचा स्वभाव मद्याने घडवलेला नसतो. ॲलन लँग यांचा १९८३ चा आढावा या दोहोंमध्ये बसतो : सर्वांना लागू पडेल असा एकच गुणसमूह नाही, परंतु आवेगी वर्तन, रूढी न मानण्याची वृत्ती, परकेपणाची जाणीव आणि सततचा ताण हे घटक पुन्हा पुन्हा दिसतात.

भावनेची भूमिका : एडवर्ड खान्झियन यांनी १९८५ मध्ये ‘स्वयंऔषधोपचार’ गृहीतक मांडले. माणूस आपल्या विशिष्ट वेदनेला अनुरूप पदार्थ निवडतो, असे त्यात म्हटले होते. वेदना शमवण्यासाठी सेवन होते, या भागाला पाठबळ मिळाले; विशिष्ट पदार्थाच्या निवडीविषयीच्या भागाला तितकेसे नाही. रिचर्ड सॉलोमन व जॉन कॉर्बिट यांच्या १९७४ च्या विरोधी प्रक्रिया सिद्धांतानुसार प्रत्येक सुखद अनुभवामागोमाग उलट दिशेची भावना जागी होते आणि पुनरावृत्तीने तीच बळावते. त्यामुळे आनंदासाठी सुरू झालेले सेवन पुढे केवळ अस्वस्थता टाळण्यासाठी चालू राहते.

स्वभाव व भावना यांना जोडणारा दुवा स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम यांनी २००१ मध्ये दिला. आवेगशीलता हा एक गुण नसून अनेक गुणांना दिलेले एकच नाव आहे, असे दाखवून त्यांनी त्यातून ‘उतावीळ’ हा घटक वेगळा काढला : मन बिघडले की मागचापुढचा विचार न करता कृती करण्याची प्रवृत्ती. मेलिसा सायडर्स व ग्रेगरी स्मिथ यांनी २००७ मध्ये तिचे आनंदाच्या भरातले रूपही मोजले. केवळ साहसाची आवड असलेला माणूस वारंवार सेवन करू शकतो. पण त्यातून उद्भवणाऱ्या आपत्तींशी, म्हणजे भांडणे, अपघात आणि ताबा सुटणे यांच्याशी, उतावीळपणाचे नाते अधिक घट्ट दिसते. सौम्य अर्थाला आज मिळणारा सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

स्वभावाची मर्यादा ली रॉबिन्स यांच्या व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अभ्यासातून दिसते. युद्धभूमीवर सुमारे पाचांपैकी एक सैनिक अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेल्याचे आढळले, पण मायदेशी परतल्यावर त्यांतील फारच थोडे पुन्हा त्या वाटेला गेले. माणसे तीच होती. परिस्थिती बदलली होती.

उपयोजन : पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी निराशा, चिंतेविषयीची अतिसंवेदनशीलता, आवेगशीलता आणि उत्तेजनशोध या चार गुणांची छोटी प्रश्नावली तयार केली व त्यांनुसार किशोरांसाठी शाळेत घ्यावयाची वेगवेगळी दोन-दोन सत्रे आखली. प्रत्येक गटाला त्याच्या स्वभावाचे उपयोग व धोके समजावून दिले जातात. व्यसनाविषयीचा सरसकट उपदेश टाळला जातो. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील चाचण्यांत या पद्धतीने मद्यपान कमी झाल्याचे निष्कर्ष आले आहेत.

पदार्थाविना जडणारी व्यसने : २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार व्यसनांच्या विभागात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत त्याच्या जोडीला संगणकीय खेळांच्या विकाराचीही नोंद आहे. जुगाराच्या बाबतीत आवेगशीलता व उतावीळ यांचा संबंध मद्याप्रमाणेच आढळतो.